घाट गावाचा, वाडा कुणाचा?

गेल्या माघात वाईहून मित्राचा फोन आला. "कृष्णाबाईचा उत्सव चालू आहे. दोन दिवस काढून ये. आईही तुझी आठवण काढते." एवढे बोलून तो जरा थांबला आणि मग म्हणाला, "आणि एका कागदावर सही करायची आहे. त्याआधी तुझ्याशी बोलावं म्हणतो."

कागद कसला, हे मी विचारले नाही. जुन्या गावात राहणाऱ्या, साठी ओलांडलेल्या माणसाने 'कागद' असा मोघम शब्द वापरला की तो बहुधा वाड्याचाच असतो. मी पिशवी भरली आणि निघालो.

मी वाईचा नव्हे. वडिलांची नोकरी बदलीची. १९७० च्या आगेमागे तीन वर्षे ते वाईला होते आणि ती तीन वर्षे आम्ही या मित्राच्या वाड्यात दोन खणांत बिऱ्हाड करून राहिलो. भाडे महिना बारा रुपये. पुढे आणखी चार गावे झाली, आता पुण्यात स्वतःचे घर झाले. पण स्वप्नात घर दिसले तर ते वाईचेच दिसते. माणसाच्या मनात भाड्याचे घर मालकीचे होऊन बसते, त्याला कोणताच कायदा आड येत नाही.

एस. टी. खंबाटकीचा घाट चढून उतरली आणि सुरूरच्या फाट्याला उजवीकडे वळली. गाडीतल्या निम्म्या लोकांना पाचगणी-महाबळेश्वरला जायचे होते. वाईच्या स्थानकात गाडी थांबते तेव्हा ही मंडळी खाली उतरून चहा पितात, पाय मोकळे करतात आणि पसरणीचा घाट चढून वर निघून जातात. वर थंड हवा आहे, हे त्यांना ठाऊक असते. खाली, गावातून थोडे चालले की दगडी पायऱ्यांवर फुकट आणि निवांत बसायला मिळते, हे त्यांना कुणी सांगत नाही. एका परीने ते बरेच आहे.

वाड्याचा दिंडी दरवाजा पूर्वीसारखाच होता. फक्त मी उंच झालो होतो, त्यामुळे वाकावे लागले. आत चौक, चौकाभोवती ओसरी, समोर सोपा, त्यामागे माजघर. जोते घडीव काळ्या दगडाचे, त्यावर सागवानी खांब, भिंती पांढऱ्या मातीच्या. भिंत इतकी जाड की खिडकीच्या कट्ट्यावर आम्ही पोरे मांडी घालून अभ्यास करत असू. या जाडीचे मोल वैशाखात कळे. बाहेर रस्ता भाजून निघत असताना माजघरात सतरंजी टाकून पडावे, तो अंगावर पंचा ओढून घ्यावासा वाटे. तापलेली हवा चौकातून वर जाई आणि आळीतली वाऱ्याची झुळूक दिंडीतून आत येई. विजेचा पंखा वाड्यात एकच होता, तो मालकांच्या सोप्यात. आणि तोही पाहुणे आले की लावायचा.

पण नुसते गुणच सांगत बसलो तर ते खोटे होईल. पहिल्या पावसात कौलांतून धार लागे आणि घरातली सगळी पातेली जमिनीवर मांडावी लागत. माजघरात भरदिवसा दिवा लागे. न्हाणीघर चौक ओलांडून पलीकडे, आणि शौचकूप त्याच्याही मागे परसात. पावसाळ्याच्या रात्री कंदील घेऊन तिथे जाण्यापेक्षा पहाट होण्याची वाट पाहणे बरे वाटे. एकदा आईच्या हाताखाली फडताळात विंचू निघाला होता. तिच्या लेखी वाई म्हणजे तो विंचू. माझ्या लेखी वाई म्हणजे नदी. एकाच वाड्यात राहून दोघांनी दोन गावे पाहिली.

काकू ओसरीवर बसल्या होत्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे. मला पाहताच म्हणाल्या, "ये रे. वाळलास. चहा घे आणि घाटावर जाऊन ये. उजेड आहे तोवर नदी बघून घे." आलेल्या माणसाला आधी नदी दाखवायची, ही वाईची रीत. दुसऱ्या गावात पाहुण्याला घर दाखवतात.

वाईत कृष्णेला सात घाट: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड आळी. माघापासून फाल्गुनापर्यंत या घाटांवर एकामागून एक कृष्णाबाईचा उत्सव होतो. प्रत्येक घाटाची कृष्णाबाई निराळी, तिचा मांडव निराळा, कीर्तनकार निराळा. आपल्या घाटाचा प्रसाद पलीकडच्या घाटापेक्षा सरस झाला पाहिजे, ही ईर्षा मात्र सगळीकडे सारखीच. नदीला देवी मानणारी गावे पुष्कळ आहेत. पण तिला लेकीसारखी आळीपाळीने घरी आणून तिचे कौतुक करणारे गाव मी दुसरे पाहिले नाही.

गणपतीच्या घाटावर पोचलो तेव्हा ऊन उतरले होते. पायऱ्यांवर माणसे बसली होती. कुणी काही विशेष करत नव्हते. दोन निवृत्त गृहस्थ राजकारणावर भांडत होते. महाविद्यालयातल्या तीन मुली मोबाइलमध्ये डोके घालून हसत होत्या. एक बाई दिवसभराचे काम आटोपून, मोकळी टोपली शेजारी ठेवून, पाय पाण्याकडे सोडून नुसती बसली होती. खालच्या पायरीवर एकजण धोतर पिळत होता, आणि त्याच्या पलीकडे पोरांनी देवळाच्या भिंतीची यष्टी करून चेंडूफळी मांडली होती. एक म्हातारा दर पाच मिनिटांनी "अरे, देवाला लागेल," म्हणत होता आणि खेळ चालू राहत होता.

हे सगळे बांधले कुणी? सरदार रास्त्यांनी, असे एका वाक्यात सांगता येईल. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्त्यांच्या कन्या. घराण्याला वैभव आले आणि त्यातले बरेचसे त्यांनी कृष्णाकाठी दगडांत घातले. काशीविश्वेश्वराचे देऊळ आनंदराव भिकाजी रास्ते यांनी १७५७ साली बांधले, आणि शेजारचे महागणपतीचे गणपतराव भिकाजींनी १७६२ साली. या गणपतीला गाव लाडाने ढोल्या गणपती म्हणते. मूर्ती तशीच ऐसपैस आहे. एवढी थोर मूर्ती आणि नाव घरातल्या लठ्ठ मुलाला ठेवावे तसे! पण कुणाला त्यात अनादर वाटत नाही, देवालाही वाटत नसावा.

या देवळाची मागची भिंत नीट पाहावी. ती सपाट नाही. माशाच्या तोंडासारखी निमुळती होत पुढे आली आहे. देऊळ अगदी नदीच्या काठावर, पूर यायचाच. तेव्हा बांधणाऱ्याने पुराशी कुस्ती न खेळता त्याला वाट करून दिली. पाण्याचा लोट त्या टोकावर दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. अडीचशेहून अधिक पावसाळे या भिंतीने असेच दोन्हीकडे वाटून दिले आहेत. लहानपणी पूर पाहायला आम्ही जात असू तेव्हा शाळामास्तरांनी हे समजावून सांगितले होते. प्रवाहाचे शास्त्र मी पुढे पुस्तकात वाचले. पण पहिला धडा या भिंतीचा. मुलांना फुकट शिकवणारी अशी भिंत गावात असणे, हेही गावाच्या सुखसोयींतच मोजले पाहिजे.

मी पायरीवर बसून राहिलो आणि मनाशी हिशेब करू लागलो. पुण्यात संध्याकाळी घराबाहेर निवांत बसायचे म्हटले तर कुठे बसावे? हॉटेलात बसावे तर काहीतरी मागवावे लागते, आणि कप रिकामा झाला की पोऱ्या टेबल पुसायला येतो. बागेला वेळ असते, शिटी वाजते. पैसा न खर्चता, कारण न सांगता, कुणी उठवणार नाही अशी जागा शहरात फार थोडी. इथे ती नदीच्या काठाने लांबवर पसरली आहे. टोपलीवाल्या बाईच्या घरी बहुधा एकच खोली असेल. पण तिचा दिवाणखाना हा एवढा मोठा, समोर नदी आणि मागे देवळाचे शिखर. लहान गावातल्या बेताच्या मिळकतीच्या माणसाला श्रीमंतासारखे बसता येते ते अशा जागेमुळे.

अर्थात हा दिवाणखाना पहिल्यापासून सर्वांचा होता असे नाही. हे घाट बांधले गेले त्या काळात कोणत्या पाणवठ्यावर कुणी उतरावे आणि कुणी लांब राहावे याचे कडक नियम होते. घाटांच्या नावांतूनही ती जुनी वाटणी डोकावते. दगड तेच, पण त्यांच्यावर बसण्याचा हक्क पुढच्या लोकांनी झगडून मिळवला. आणि गंमत अशी की त्या झगड्याला शास्त्राधार पुरवणारी माणसेही याच गावात होती. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा वाईची. विनोबा तरुणपणी त्यांच्याकडे शिकायला येऊन राहिले होते. त्यांचे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी अस्पृश्यतेविरुद्ध गांधीजींच्या बाजूने शास्त्रार्थ केला, आणि १९३३ साली गांधीजींचे चिरंजीव देवदास व राजाजींची कन्या लक्ष्मी यांच्या आंतरजातीय विवाहाचे पौरोहित्यही केले. जुने गाव म्हणजे जुने विचार, असे समीकरण मांडणाऱ्यांनी वाईला एकदा येऊन जावे.

पुढे मराठी विश्वकोशाचे काम निघाले, तर्कतीर्थ त्याचे प्रमुख संपादक झाले आणि कार्यालय राहिले वाईतच. १९७६ साली पहिला खंड निघाला. अणूपासून अलंकारशास्त्रापर्यंतच्या नोंदी मुंबईत नव्हे, पुण्यात नव्हे, तर या घाटांच्या गावात तपासल्या गेल्या. विद्वान माणसे टांग्यातून नाही तर एस. टी.तून उतरत, दिवसभर नोंदींवर वाद घालत आणि संध्याकाळी नदीवर येऊन तोच वाद पुढे चालवत. आम्हा पोरांना त्यातले काही कळत नसे. पण कळत नसलेल्या गोष्टींवर मोठी माणसे इतकी मनापासून भांडतात, म्हणजे त्यात काहीतरी असले पाहिजे, एवढे मात्र कळे.

काळोख पडला तसे नदीतले पाणी दिसेनासे झाले, आणि ते बरेच झाले. वर धोमचे धरण झाल्यापासून पाणी सोडेल तेव्हा नदी. एरवी काठाला शेवाळ, मध्येच जलपर्णी, आणि एका कोपऱ्यातून गटाराचा काळा ओघळ. दगडांच्या सांध्यांत पिंपळाची रोपे उगवली होती. आज बोटाएवढी आहेत; उपटली नाहीत तर वीस वर्षांत हीच रोपे पायऱ्या उचलून टाकतील. घाट सर्वांचा, म्हणूनच रोप उपटणे कुणाचेच काम नाही.

रात्री जेवणे झाल्यावर मित्राने ओसरीवर सतरंजी टाकली. वहिनींनी सुपारी आणून ठेवली. अक्का, म्हणजे त्याची थोरली बहीण, कोल्हापूरहून उत्सवाला आली होती. तीही येऊन बसली. त्याने कोनाड्यातून एक लांबट पाकीट काढले.

"वाडा पाडायचा," तो म्हणाला. "पाच मजली इमारत. मला दोन सदनिका. तिघा भाडेकरूंना एकेक. बाकीच्या हिस्सेदारांना रोख. कागद तयार आहे, माझीच सही राहिली आहे."

मी काहीच बोललो नाही. तोच बोलत राहिला. बहुधा त्याला तेच हवे होते.

"तू आता म्हणशील, असा वाडा पुन्हा होणार नाही. मान्य. पण हिशेब ऐक. आजोबांच्या चार मुलांचे मिळून आज अकरा हिस्सेदार. त्यातले आठजण वाईला राहत नाहीत. गेल्या बारा वर्षांत एकानेही कौलाचा पैसा दिलेला नाही. मागचा सोपा दोन वर्षांपूर्वी पावसात बसला. तुळईला वाळवी आहे. कौले परतणारा माणूस शोधायला मला तीन गावे फिरावे लागते. चुन्यात काम करणारा गवंडी तर मिळतच नाही. सिमेंट लावले तर मातीची भिंत आतून ओल धरते आणि पोपडे निघतात. आणि भाडे? तुझे वडील किती देत होते?"

"बारा रुपये."

"त्यातल्या एका बिऱ्हाडाची सुरुवात अशीच बारा रुपयांवर होती."

यात त्याने तिखटमीठ लावलेले नव्हते. १९४७ च्या भाडेकायद्याने जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. त्या वेळी तो कायदा गरजेचाही होता. नाहीतर आमच्यासारखी बिऱ्हाडे रस्त्यावर आली असती. पुढे १९९९ च्या कायद्याने दरसाल चार टक्के वाढीची मुभा दिली. बाराचे चार टक्के म्हणजे अठ्ठेचाळीस पैसे. तेवढ्यात कौलाचा तुकडा येत नाही. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या वाड्यांना वाळवीने खाल्ले त्याहून जास्त या त्रैराशिकाने खाल्ले.

"बाहेरची माणसं येतात," तो म्हणाला, "दारात उभी राहून फोटो काढतात. 'जपा हं हे,' असं सांगतात आणि महाबळेश्वरला जातात. आळीला शोभा येते ती वाड्याची, आणि गळतं ते माझ्या डोक्यावर. घाट गावाचा आहे रे. पण वाडा कुणाचा?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. संध्याकाळी पायरीवर बसून मी जो हिशेब केला होता त्यात एक रकान्याची चूक निघाली. जुन्या वास्तूंमुळे गावाचे जगणे सुखाचे होते, हे खरे. पण ते सुख सगळ्या आळीला वाटून मिळते आणि खर्च एकाच्या नावावर पडतो. रास्त्यांनी घाट बांधला तेव्हा त्यांच्यापाशी सरदारकी होती. माझ्या मित्रापाशी वह्या-पुस्तकांचे दुकान आहे.

अक्का इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "२००५ नंतर मलाही बरोबरीचा हिस्सा आहे म्हणतात. मला पैसा नको. पण सही करण्याआधी एकदा मला विचारा, एवढंच म्हणणं आहे. लग्न होऊन गेले तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं." वहिनी हसल्या. मित्र हसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची मुलगी मला मेणवलीला घेऊन गेली. ती पुण्याला नोकरी करते, उत्सवाला आली होती. मेणवली वाईपासून कोसभर. १७६८ साली हे गाव नाना फडणविसांना मिळाले; तिथे त्यांनी सहा चौकांचा वाडा बांधला, आणि वाड्याच्या मागे कृष्णेवर चंद्रकोरीसारखा वळलेला घाट. मराठेशाहीची गुपिते पोटात ठेवणारे मेणवली दप्तर ते इथलेच. घाटावरच्या एका छोट्या देवळात मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि साल आहे १७०७. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या स्वारीतून आलेली ही घंटा. घंटेने धर्म बदलला की नाही कोण जाणे. आवाज मात्र बदललेला नाही.

अलीकडे या घाटाला निराळीच कीर्ती मिळाली आहे. २००४ च्या 'स्वदेस' चित्रपटातले गाव म्हणजे ही मेणवली. वाईने तर त्याच्याही पुढे मजल मारली: २००३ च्या 'गंगाजल'मध्ये ती बिहार झाली आणि २०१० च्या 'दबंग'मध्ये उत्तर प्रदेश. नाना फडणविसांसारख्या मुत्सद्द्यालाही आपला मुलूख इतक्या सहजासहजी उत्तरेत नेता आला नसता. चित्रीकरण असले की गावातल्या चहावाल्याला, सुताराला, जीपवाल्याला चार पैसे मिळतात. ते गेले की घाटावर पुन्हा धुणी आपटू लागतात.

आम्ही घाटावर बसलो. मी मुलीला विचारले, "तुला काय वाटतं? वाडा पाडावा?"

ती म्हणाली, "काका, मला वाड्याचा इतिहास फारसा ठाऊक नाही. पण आजी ओसरीवर बसते ना, तर नदीवर जाणारं प्रत्येक माणूस तिच्याशी बोलून जातं. दूधवाला, भाजीवाली, देवळातले गुरुजी, शाळेतली पोरं. दिवसाला चाळीस-पन्नास माणसं. मी पुण्यात सातव्या मजल्यावर राहते. शेजारच्या दाराचं आडनाव मला पाटी वाचून कळलं. आजीला चौथ्या मजल्यावर नेलं तर तिच्याशी बोलायला कोण येईल? उद्वाहन आहे म्हणून कुणी मुद्दाम वर येत नसतं."

मला ते पटले. वाड्याची ओसरी म्हणजे घराचा घाटच की. रस्त्यापासून तीन पायऱ्या वर, दारापासून चार हात बाहेर. ना पुरती घरची, ना पुरती रस्त्याची. म्हातारपणी माणसाला औषधापेक्षा अशा जागेची गरज असते. परतीच्या वाटेवर मी मनात भाषणाची जुळवाजुळव केली. मित्राला काय सांगायचे ते ठरले.

दुपारी घाटावर प्रसादाची पंगत होती. काकूंना खुर्चीत बसवून नेले होते. जेवण झाल्यावर मी त्यांच्याजवळ बसलो आणि मोठ्या विश्वासाने म्हणालो, "काकू, तुम्हाला वाडा सोडून करमायचं नाही ना?"

काकूंनी माझ्याकडे पाहिले. "करमायचं काय घेऊन बसलास! मला बाई न्हाणीघर जवळ हवं. गेल्या श्रावणात चौकात घसरले, सहा आठवडे पडून होते. रात्री चारदा उठावं लागतं. साठ वर्षं झाली, ओला चौक ओलांडून जाते आहे. तुम्ही पुरुष वाडा वाडा करता. वाड्याचं पाणी भरलंय मी."

माझे भाषण तिथेच कृष्णेला अर्पण झाले.

थोड्या वेळाने त्याच पुढे म्हणाल्या, "ओसरी राहिली तर बरंच. नाही असं नाही. पण ओसरीवर दिवस जातो, रात्र कुठे जाते?"

संध्याकाळी पुन्हा ओसरीवर बैठक बसली. या वेळी अक्काला, वहिनींना आणि मुलीला कुणी बोलवायची वाट पाहावी लागली नाही. काकूंचे म्हणणे मी जसेच्या तसे सांगितले. सगळेजण जरा वेळ गप्प झाले. वाडा राखावा की पाडावा यावर वर्षभर चर्चा चालली होती, अकरा हिस्सेदारांची पत्रापत्री झाली होती, वकिलांचे येणेजाणे झाले होते. पण माजघराला लागून एक न्हाणीघर काढता येईल का, हे कुणाच्या डोक्यात आले नव्हते. मुलगी उठली, टेप घेऊन आली आणि कोठीची खोली मोजून पाहिली. सहा फूट बाय आठ. जुन्या बळदाची जागा, आता नुसती अडगळ. सांडपाणी चौकातल्या मोरीला जोडता येत होते.

अक्का म्हणाली, "याला किती लागतील? निम्मे मी देते. हिस्सा म्हणून धरा."

मित्राने पाकीट उचलले. मला वाटले, आता तो फाडणार. पण ही नाटकातली गोष्ट नव्हती. त्याने ते परत कोनाड्यात ठेवले आणि म्हणाला, "मागचा पडका भाग द्यावा लागेलच. भाडेकरूंची सोय त्यात होईल. पुढचा सोपा, ओसरी आणि हा चौक राहतो का, ते बिल्डरला विचारून बघतो. तो नाही म्हणाला तर मग बघू."

"नाही म्हणाला तर?" मी विचारले.

"तर तू कौलं शाकारायला येशील का?"

मी दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. नदीवर धुके होते. काकू उठून ओसरीवर येऊन बसल्या होत्या. घाटाकडे चाललेला कुणीतरी त्यांना विचारत होता, "काकू, पाहुणा निघाला का?" मी कोण, कुठला, कधी आलो, हे त्या माणसाला सारे ठाऊक होते. मी त्याला ओळखत नव्हतो.

पुण्याला आल्यावर मी एक गोष्ट केली. आमच्या तीन वर्षांच्या मुक्कामात आम्ही त्या वाड्याला काय दिले आणि काय घेतले याचा हिशेब मांडायचा प्रयत्न केला. बारा रुपयांप्रमाणे छत्तीस महिन्यांचे होतात चारशे बत्तीस. त्यात दोन खण आले. वैशाखातला गारवा, खिडकीचा कट्टा, ओसरीवरची माणसे, पायाशी नदी आणि माशाच्या तोंडाची ती भिंत, हे सगळे त्यात धरलेले नव्हते. मी मित्राला काही रक्कम पाठवून दिली. रात्री त्याचा फोन आला. "हे काय?"

"मागची थकबाकी."

तो हसला. मग म्हणाला, "पावती पाठवतो. दर चार टक्क्यांनी वाढतो, लक्षात ठेव."

यंदाचा पावसाळा सरला. काकूंचे न्हाणीघर ज्येष्ठातच झाले. पुढच्या सोप्याची कौलेही परतून झाली. घाटावरची पिंपळाची रोपे मित्राने आणि आळीतल्या चार पोरांनी एका रविवारी उपटली. पुढच्या वर्षी ती पुन्हा येतील. मागच्या भागाचे बोलणे चालू आहे. बिल्डरने अजून हो म्हटलेले नाही, नाहीही म्हटलेले नाही. पाकीट कोनाड्यात आहे. काकू दिवसा ओसरीवर असतात, आणि रात्री, मित्र सांगतो, त्या आता स्वस्थ झोपतात.